हिमोफिलिया: फॅक्टर मिळाला, पुढे काय?

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या सहा राज्यांमध्ये हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या जवळपास तीन हजार पुरुषांच्या नोंदी काही वर्षं ठेवल्या गेल्या. त्यातले साधारण दोन तृतीयांश खास हिमोफिलिया उपचार केंद्रांत जात, बाकीचे इतरत्र उपचार घेत. २००० साली निष्कर्ष छापून आले. केंद्रात जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाला, तोही वय, आजाराची तीव्रता, एचआयव्ही, यकृताचे आजार हे सगळं हिशोबात धरल्यावर. अशा अभ्यासावरून ‘याच्यामुळेच हे झालं’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे खरं. पण रक्त गोठवणारी औषधं ही काही या केंद्रांची मक्तेदारी नव्हती. मग तिथे जास्तीचं काय मिळत होतं?

तिथे एका रुग्णाकडे बघणारी पाच-सहा प्रकारची माणसं एकमेकांशी बोलत होती. रक्तविकारतज्ज्ञ, नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅबमधले लोक, दातांचे डॉक्टर, समुपदेशक. याला सर्वंकष उपचार म्हणतात. शब्द जरा सरकारी वाटतो, पण गोष्ट अगदी रोजच्या जगण्यातली आहे. ती समजायला आधी रक्त गोठतं कसं ते थोडक्यात पाहू.

रक्तवाहिनी फाटली की रक्तातल्या प्लेटलेट्स नावाच्या बारीक पेशी त्या जागी जाऊन चिकटतात. तेवढ्याने तात्पुरतं भागतं. मग त्यावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी तयार होते आणि गुठळी पक्की होते. ही जाळी तयार व्हायला रक्तातली अनेक प्रथिनं एकापाठोपाठ एक कामाला लागावी लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेने उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसं हे काम चालतं; मधला एक माणूस नसला की पाणी तिथेच अडतं. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. ए हा साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो, बी त्याहून पाच-सहा पट दुर्मीळ. दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच तो झालेला नसतो. त्यामुळे ‘आमच्यात कुणालाच नाही’ हे ऐकून डॉक्टरांनी शंका सोडून देऊ नये.

फॅक्टरचं प्रमाण निरोगी माणसाच्या एक टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सौम्य. ‘सौम्य’ शब्दाने फसगत होते. अशा माणसाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून निदान होत नाही आणि मग एखाद्या ऑपरेशनच्या टेबलावर किंवा दात काढल्यावर ते कळतं.

सिनेमात दाखवतात तसं जरा खरचटलं आणि रक्ताचं थारोळं झालं, असं या आजारात होत नाही. इतरांपेक्षा रक्त जास्त जोराने वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. बोटाला कापलं तर दाबून धरल्यावर बहुतेकदा थांबतं. खरं नुकसान आत होतं, सांध्यांत. गुडघा, घोटा आणि कोपर हे तीन सांधे सर्वाधिक बळी पडतात. मोठ्या रुग्णांना सूज यायच्या आधीच कळतं: सांध्यात मुंग्या आल्यासारखं वाटतं, आत काहीतरी ताणल्यासारखं होतं. मग सांधा गरम लागतो, सुजतो, वाकेनासा होतो. रडणारं लहान मूल हे सांगू शकत नाही. ते फक्त एक पाय टेकवायचं बंद करतं, आणि आईला वाटतं मुरगळला असेल.

सांध्यात साठलेल्या रक्तातलं लोह सांध्याच्या आतल्या अस्तराला चिडवतं. अस्तर सुजून जाड होतं, त्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या पुन्हा सहज फाटतात. म्हणजे एका ब्लीडमुळे (रक्तस्रावामुळे) पुढच्या ब्लीडची सोय होते. सहा महिन्यांत एकाच सांध्यात आपोआप तीन किंवा जास्त वेळा रक्तस्राव झाला तर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. हळूहळू हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते आणि विशी-पंचविशीतल्या तरुणाचा गुडघा म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा होतो.

म्हणूनच ब्लीड झाल्यावर कमी असलेला फॅक्टर बाहेरून, शिरेतून देण्यापेक्षा तो होऊच नये म्हणून नियमित फॅक्टर देत राहायचं, ही कल्पना पुढे आली. स्वीडनमधल्या माल्मो इथे डॉक्टर इंगा मारी निल्सन यांनी १९५८ पासून असे उपचार सुरू केले. तीव्र आजाराच्या मुलांचा फॅक्टर एक टक्क्याच्या वर ठेवला तर त्यांचा आजार मध्यम स्वरूपाचा होईल, एवढा साधा तर्क होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत लहान मुलांचे दोन गट केले होते. सहाव्या वर्षी एमआरआय काढल्यावर नियमित फॅक्टर घेणाऱ्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते. फक्त ब्लीड झाल्यावर घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के.

आता माणसांकडे येऊ. आणि सगळ्यात आधी नर्सकडे, कारण केंद्रातला फोन तीच उचलते.

समजा एका बाईंचा फोन येतो: मुलाचा घोटा दुखतोय, फॅक्टर देऊ का? अनुभवी सिस्टर लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. ती विचारते, सकाळी उठल्यावर जास्त दुखत होता आणि चालल्यावर मोकळा झाला, की वेळ जातोय तसं दुखणं वाढतंय? दुसऱ्या घोट्याशी ताडून पाहिलं का? गरम लागतोय का? शेवटचा डोस कधी दिला? हालचालीने मोकळा होणारा घोटा बहुधा जुन्या झिजेमुळे दुखतो, त्याला फॅक्टरचा उपयोग नाही. चढत जाणारं दुखणं आणि वाढता कडकपणा म्हणजे ब्लीड समजायचं आणि विनाकारण उशीर करायचा नाही. एवढी चौकशी फोनवर दोन मिनिटांत होते, पण ती करायला शिकावं लागतं. ते सहसा दुसऱ्या अनुभवी नर्सशेजारी बसूनच शिकता येतं.

घरच्या घरी शिरेतून फॅक्टर द्यायला हीच नर्स शिकवते. शीर शोधणं, पावडर हलक्या हाताने विरघळवणं (बाटली जोरात हलवली की फेस होतो), निर्जंतुक राहणं, तारीख आणि बॅच नंबर वहीत लिहून ठेवणं. बॅच नंबरचा आग्रह कुणाला बाबूगिरी वाटेल. पण हजारो दात्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून बनवलेल्या फॅक्टरमधून १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे विषाणू जगभरातल्या असंख्य रुग्णांपर्यंत पोहोचले. पुढे उष्णतेची आणि रसायनांची प्रक्रिया आली, १९९२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेला आठवा फॅक्टर बाजारात आला आणि धोका फार कमी झाला. तरी कोणती बाटली कुणाला गेली हे माहीत असायलाच हवं, हा धडा त्या काळाने दिला.

फिजिओथेरपिस्टला आपल्याकडे सगळ्यात शेवटी आठवतात. ब्लीड झाल्यावर बर्फ, आराम, पाय उंच ठेवणं इथपर्यंत सगळे येतात. पण सूज उतरल्यावर सांधा पुन्हा पूर्ण हालतो का, मांडीचा स्नायू वाळलाय का, हे मोजायला तोच लागतो. त्यासाठी सांध्यांच्या गुणांची ठरलेली मोजपट्टी आहे. दरवर्षी तीच मोजणी झाली तर आई-वडिलांच्या लक्षातही न आलेला, कोपराचा हरवलेला पाच अंशांचा कोन सापडतो. दातांच्या डॉक्टरांचं काम साधं आणि महत्त्वाचं: दात काढायची वेळच येऊ न देणं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणारी घरं असतात, आणि ब्रश बंद केला की हिरड्या आणखी सुजतात. समुपदेशकाचं काम अर्थातच यापेक्षा कमी नाही. शाळेत काय सांगायचं, कोणता खेळ खेळायचा (पोहणं उत्तम, मुष्टियुद्ध नको), भावाला आजार नाही आणि मला का, या प्रश्नांना गोळी नाही.

लॅबबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण निदान तिथेच चुकतं. रक्त गोठण्याची तपासणी निळ्या झाकणाच्या नळीत होते. तिच्यात सायट्रेट असतं, आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं आहे. नळी अर्धीच भरली तर प्रमाण बिघडतं आणि धडधाकट माणसाचाही रिपोर्ट बिघडलेला येऊ शकतो. उलट प्रकार जास्त धोक्याचा आहे. तेराव्या फॅक्टरची कमतरता असलेल्या बाळाची नाळ पडल्यावर तिथून रक्त येत राहतं, पण पीटी आणि एपीटीटी या नेहमीच्या दोन्ही तपासण्या नॉर्मल येतात. त्या तपासण्यांत गुठळी होईपर्यंतचाच वेळ मोजतात आणि तेरावा फॅक्टर गुठळी झाल्यानंतर ती घट्ट करायचं काम करतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाळाला घरी पाठवलं, तर पुढचा रक्तस्राव मेंदूत होऊ शकतो. प्लेटलेट्सची संख्या पुरेशी पण कामाच्या बाबतीत त्या निकामी, असेही आजार आहेत. यात मशीनपेक्षा रिपोर्ट वाचणाऱ्याचं शिक्षण महत्त्वाचं.

तपासण्या नॉर्मल येऊनही आजार असण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे व्हॉन विलेब्रँड आजार. आनुवंशिक रक्तस्रावी आजारांत हाच सर्वाधिक आढळतो, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाचं वर्णन करून तो जगापुढे आणला. त्या कुटुंबातली त्यांनी तपासलेली मुलगी पुढे तेराव्या वर्षी मासिक पाळीतल्या रक्तस्रावाने दगावली.

शंभर वर्षं होत आली, तरी ‘पाळीत थोडं जास्त जायचंच’ हे वाक्य काही संपलेलं नाही. पॅड तासा-दोन तासांनी बदलावा लागणं, सात दिवसांहून जास्त रक्त जाणं, मोठ्या गुठळ्या पडणं, वारंवार लोह कमी होणं, जोडीला लहानपणापासून नाकातून रक्त येत असणं: यातलं बरंच जुळत असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्यायला हव्यात. पुन्हा त्यातही गोम आहे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर ताणाने, व्यायामाने, गरोदरपणाने वाढतो. सुईला घाबरून रडलेल्या मुलीचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांचंही (ज्यांच्या दोनपैकी एका एक्स गुणसूत्रावर सदोष जनुक असतं) असंच. त्यांना ‘फक्त वाहक’ म्हणून बाजूला ठेवलं जायचं. आता हे मान्य झालंय की त्यांच्यातल्या काहींचा फॅक्टर ४० टक्क्यांहून कमी असतो आणि त्यांना रक्तस्राव होतो. म्हणजे त्यांनाही हिमोफिलियाच आहे. अशा स्त्रीचं बाळंतपण आधीच ठरवून करायचं असतं: बाळ ओढून काढायचा व्हॅक्यूम आणि चिमटा टाळायचा, बाळाच्या नाळेतलं रक्त तपासायला घ्यायचं. आठवा फॅक्टर गरोदरपणात वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो, म्हणून नंतरचे काही आठवडेही लक्ष ठेवायचं.

हे सगळं केंद्रातल्या लोकांना माहीत असतं. अडचण अशी की रुग्णाला रात्री दोन वाजता पहिल्यांदा तपासणारा डॉक्टर केंद्रातला नसतो. तो कॅज्युअल्टीतला असतो, आणि त्याने कदाचित आयुष्यात हिमोफिलियाचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो. मला विचाराल तर या क्षेत्रातल्या शिक्षणावरचा अर्धा खर्च त्याच्यावर व्हायला हवा.

त्याला फार शिकवायला नको. डोक्याला मार लागला असेल तर आधी फॅक्टर, मग स्कॅन. रांगेत थांबून स्कॅन आणि मग उपचार हा क्रम जिवावर बेततो. कंबरेत किंवा स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. ॲस्पिरिन आणि त्या जातीची वेदनाशामकं द्यायची नाहीत, पॅरासिटामॉल चालतं. उजव्या जांघेत दुखतंय आणि रुग्ण पाय पोटाशी घेऊन पडलाय, तर अपेंडिक्सच्या आधी कंबरेच्या आतल्या सोआस स्नायूतला रक्तस्राव आठवायचा. मांडीचा पुढचा भाग बधिर झाला असेल तर नस दाबली गेली आहे.

आणि हिशोब. आठव्या फॅक्टरचं वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक युनिट दिलं तर पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. तीव्र आजाराच्या ५० किलोच्या माणसाला डोक्याच्या दुखापतीत १०० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० युनिट. नववा फॅक्टर मात्र एका युनिटला साधारण एकच टक्का वाढवतो, त्यामुळे हिमोफिलिया बीमध्ये तोच आकडा ५,००० होतो. ए की बी हे रुग्णाच्या खिशातल्या कार्डावर लिहिलेलं नसेल तर या क्षणी सगळं अडतं.

फॅक्टर दिला आणि रक्त थांबलं नाही, असंही होतं. शरीराला तो फॅक्टर परका वाटतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. रुग्णांच्या भाषेत ‘इनहिबिटर आला’. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं, बहुधा पहिल्या काही डझन डोसांतच. मग वेगळी औषधं लागतात आणि वेगळं कौशल्य.

२०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या एमिसिझुमॅब या औषधाने यातलं बरंच सोपं केलं. ते आठव्या फॅक्टरचं काम स्वतः करतं, त्वचेखाली देता येतं, आठवड्याला किंवा चार आठवड्यांतून एकदाही चालतं. शिरा शोधून थकलेल्या घरांना यातला दिलासा काय असतो ते वेगळं सांगायला नको. पण हे औषध ब्लीड टाळण्यासाठी आहे. झालेलं ब्लीड थांबवायला फॅक्टरच लागतो. शिवाय ते अंगात असताना एपीटीटी नॉर्मल दिसतो, आठव्या फॅक्टरची नेहमीची तपासणीही खोटा, जास्त आकडा दाखवते, आणि शेवटच्या डोसनंतर हा परिणाम काही महिने राहू शकतो. हे ठाऊक नसलेला सर्जन रिपोर्ट पाहून निश्चिंतपणे चाकू उचलेल. इनहिबिटरवरचं एक जुनं औषध, सक्रिय प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्स, याच्यासोबत मोठ्या मात्रेत दिल्यावर उलट धोकादायक गुठळ्या झाल्याही आहेत. औषध सोपं झालं तसं डॉक्टरांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी वाढल्या, असा हा प्रकार आहे. २०२२ पासून फॅक्टर बनवायचं जनुकच शरीरात पोहोचवणाऱ्या जनुकीय उपचारांना मान्यता मिळू लागली, तिथे तर यकृतावर महिनोनमहिने नजर ठेवावी लागते.

मग हे ज्ञान पसरतं कसं? स्वतः तीव्र हिमोफिलिया असलेल्या फ्रँक श्नाबेल यांनी १९६३ मध्ये जागतिक हिमोफिलिया महासंघ उभा केला. त्यांच्या जन्मदिवशी, १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिन असतो. महासंघाचं मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे केंद्रांच्या जोड्या लावणं. एक अनुभवी केंद्र आणि दुसऱ्या देशातलं एक नवं केंद्र काही वर्षं एकमेकांशी बांधली जातात. डॉक्टर, नर्स, लॅबमधले लोक इकडून तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात. याशिवाय ठरलेल्या प्रशिक्षण केंद्रांत शिष्यवृत्तीवर शिकता येतं, आणि जगभरातल्या प्रयोगशाळांना तेच नमुने पाठवून कुणाचं उत्तर किती बरोबर येतं हे तपासलं जातं. व्याख्यानांपेक्षा हे शेवटचं जास्त कामाचं, कारण त्यात चूक आकड्यात दिसते.

एक प्रश्न मात्र कुठल्याच जुन्या अभ्यासक्रमात नव्हता. हिमोफिलियाचे रुग्ण आता साठी-सत्तरी गाठू लागले आहेत. ज्या माणसाला जन्मभर ॲस्पिरिनपासून लांब ठेवलं, त्याच्या हृदयात स्टेंट बसतो आणि हृदयरोगतज्ज्ञ रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लिहून देतात. गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बुजेल, चालू ठेवल्या तर रक्तस्राव होईल. सध्या करतात ते असं: गोळ्यांचा काळ शक्य तितका कमी ठेवायचा, तेवढे दिवस नियमित फॅक्टर देऊन पातळी एका किमान आकड्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. तो आकडा किती असावा यावर तज्ज्ञांचं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही, म्हणून अशा प्रत्येक रुग्णाची नोंद रजिस्ट्रीत (सगळ्या केंद्रांच्या सामायिक नोंदवहीत) जावी, असा केंद्रांचा आग्रह असतो.